घटकांमधील स्थिती व मेथड यांची सामायिकता : व्ह्यू फ्रेमवर्कच्या वाटचालीचा ऐतिहासिक अभ्यास (२०१४ ते २०२३)

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे आजचे वेब पृष्ठ हे एकसंध लेखन नसून अनेक लहानमोठ्या घटकांची जुळणी असते. एखाद्या महाविद्यालयीन ग्रंथालयाचे पृष्ठ उदाहरणादाखल घेतल्यास माथ्यावरील पट्टीत विद्यार्थ्याचे नाव व त्याने मागणी नोंदविलेल्या पुस्तकांची संख्या, बाजूला शोधपेटी, मध्यभागी पुस्तकांची यादी आणि प्रत्येक पुस्तकाखाली मागणी नोंदविण्याचे बटण असे अनेक घटक त्यात आढळतात. विद्यार्थ्याने बटण दाबताच यादीतील उपलब्ध प्रतींचा आकडा कमी व्हावा आणि त्याच क्षणी माथ्यावरील संख्या वाढावी, ही अपेक्षा वरकरणी अगदी साधी आहे. परंतु परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या दोन घटकांनी एकच माहिती कशी वापरावी, हा प्रश्न जावास्क्रिप्टच्या क्षेत्रात दीर्घकाळ वादाचा विषय ठरला.

घटकाजवळ एखाद्या क्षणी असलेली माहिती म्हणजे त्याची ‘स्थिती’ आणि त्या माहितीवर काम करणारी फंक्शने म्हणजे त्याच्या ‘मेथड’. या दोहोंची सामायिकता साधण्यासाठी व्ह्यू या फ्रेमवर्कमध्ये २०१४ पासून जे उपाय योजले गेले, त्यांचा क्रमवार आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. या उपायांची कसोटी म्हणून तीन प्रश्न निश्चित केले आहेत. पहिला उगमाचा : घटकात वापरलेले नाव कोठून आले, हे वाचकास कळते काय? दुसरा अधिकाराचा : स्थितीत बदल कोणी करावा, याला काही बंधन आहे काय? तिसरा आयुष्याचा : ती स्थिती केव्हा निर्माण होते, कोणापुरती असते आणि केव्हा नष्ट होते? सामायिकता घडवून आणणे हे कधीच फारसे अवघड नव्हते, तिचा माग ठेवणे मात्र अवघड होते, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र असल्याचे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

पूर्वपीठिका

हा प्रश्न वेबपेक्षा जुना आहे. १९७२ साली डेव्हिड पार्नस यांनी आज्ञावलीचे भाग कोणत्या निकषावर पाडावेत याची चर्चा करताना, प्रत्येक भागाने आपला अंतर्गत निर्णय इतरांपासून झाकून ठेवावा, असा विचार मांडला. पुढच्याच वर्षी विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी सार्वत्रिक चल हे घातक असल्याचे प्रतिपादन केले. जो चल कोणीही वाचू शकतो व कोणीही बदलू शकतो, त्याच्या किमतीची जबाबदारी कोणावरच राहत नाही, हा त्यामागील आशय होय.

मेथड सामायिक करण्याच्या खटपटीलाही असाच जुना वारसा आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९८० च्या सुमारास लिस्प यंत्रांसाठी ‘फ्लेवर्स’ नावाची वस्तुनिष्ठ प्रणाली तयार झाली. तिच्यात लहान लहान गुणसमुच्चय तयार करून ते हव्या त्या वर्गात मिसळण्याची सोय होती. अशा समुच्चयास ‘मिक्सिन’ असे म्हणत. हे नाव जवळच्या सॉमरव्हिल गावातील एका आइस्क्रीमच्या दुकानावरून आले. तेथे ग्राहकाच्या आवडीप्रमाणे आइस्क्रीममध्ये सुकामेवा व गोळ्या मिसळून देत असत. गिलाड ब्राखा आणि विल्यम कुक यांनी १९९० मध्ये या कल्पनेला सैद्धांतिक बैठक दिली. दोन मिक्सिनमध्ये एकाच नावाची मेथड असेल तर कोणती चालावी, हा पेच त्याही काळात होता. २००३ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘ट्रेट्स’ या संकल्पनेने अशा वेळी निवड यंत्रणेवर न सोपविता आज्ञावलीकाराने ती उघडपणे करावी, असा उपाय सुचविला. म्हणजे ज्या अडचणी पुढे वेबच्या जगात नव्याने अनुभवास आल्या, त्यांची नोंद संगणकशास्त्राच्या वाङ्मयात आधीच झालेली होती.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. प्रारंभीच्या काळात पृष्ठाची स्थिती ठेवण्याची स्वतंत्र जागाच नसे. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीमुळे पृष्ठातील मजकूर बदलणे अत्यंत सुकर झाले. परंतु पडद्यावर दिसणारा आकडा हीच बहुधा माहितीची एकमेव नोंद असे. २०१० साली बॅकबोन, नॉकआउट आणि अँग्युलरजेएस ही साधने पुढे आली आणि माहिती व तिचे दृश्य रूप यांची फारकत झाली. ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडलेली मॉडेल, व्ह्यू व कंट्रोलर ही विभागणी अशा रीतीने ब्राउझरमध्ये रुजली.

व्ह्यूचा उदय आणि मिक्सिनचा काळ

इव्हान यू हे गूगलमध्ये अँग्युलरजेएसचा वापर करीत असताना त्यातील आपल्याला भावलेला भाग तेवढाच घेऊन हलके साधन तयार करावे, या विचाराने व्ह्यूची निर्मिती झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सार्वजनिक झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये १.० आणि सप्टेंबर २०१६ मध्ये २.० ही आवृत्ती आली. व्ह्यूमधील घटकाची मूळ मांडणी कप्प्यांची होती : माहिती ‘डेटा’ या कप्प्यात, फंक्शने ‘मेथड्स’ या कप्प्यात, गणनेने मिळणाऱ्या किमती ‘कंप्युटेड’ या कप्प्यात. नवशिक्यास ही मांडणी चटकन उमगे आणि व्ह्यूच्या लोकप्रियतेत तिचा मोठा वाटा होता.

जनक घटकाने अपत्य घटकास ‘प्रॉप’द्वारे माहिती द्यावी आणि अपत्याने घटनेद्वारे जनकास कळवावे, हा दोन घटकांमधील मूळ व्यवहार होता. त्यात उगम, अधिकार व आयुष्य या तीनही प्रश्नांची उत्तरे स्पष्ट होती. मात्र माथ्यावरील पट्टी आणि यादीतील बटण यांच्यामध्ये चार पिढ्यांचे अंतर असेल तर मधल्या प्रत्येक घटकाला स्वत:ला न लागणारी माहिती केवळ पुढे सरकवीत राहावी लागे.

एकाच प्रकारच्या मेथड अनेक घटकांना हव्या असतील तर त्यासाठी व्ह्यूने मिक्सिनची सोय दिली. ग्रंथालयाच्या उदाहरणात पुस्तकांची यादी आणि नियतकालिकांची यादी या दोन्ही घटकांना पाने उलटण्याची सोय हवी असेल, तर ‘चालू पान’ ही स्थिती आणि ‘पुढील पान’ ही मेथड एका मिक्सिनमध्ये लिहून ती दोन्हीकडे जोडता येई. यात एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. मिक्सिनमुळे स्थिती सामायिक होत नसे. प्रत्येक घटकाला तिची स्वतंत्र प्रत मिळे. पाककृती एकच, परंतु जो तो आपापल्या भांड्यात शिजविणार, असा हा प्रकार होता. म्हणून पुस्तकांच्या यादीत पान उलटले तरी नियतकालिकांची यादी जागची हलत नसे आणि तेच योग्यही होते.

मिक्सिनची अडचण संख्या वाढताच जाणवू लागली. एका घटकाला चार मिक्सिन जोडल्यावर त्यात वापरलेले ‘पुढीलपान’ हे नाव नेमके कोणत्या मिक्सिनमधून आले, हे त्या घटकाचे लेखन वाचून कळत नसे. चारही फायली उघडून पाहाव्या लागत. दोन मिक्सिनमध्ये एकाच नावाची मेथड आढळल्यास नंतर जोडलेली मेथड आधीच्या मेथडची जागा घेई, आणि घटकाची स्वत:ची मेथड या दोहोंवर मात करी. हे सारे नियमानुसार होत असले तरी निमूटपणे होत असे. त्याहून सूक्ष्म दोष असा की, एक मिक्सिन दुसऱ्या मिक्सिनमधील नावावर नकळत अवलंबून राही. त्या दुसऱ्यातील नाव बदलले की पहिले मोडे आणि दोहोंमधील नात्याचा कोठेही लेखी पुरावा नसे. उगमाच्या कसोटीवर मिक्सिन अशा प्रकारे अनुत्तीर्ण ठरले.

रिॲक्टमधील समांतर घडामोडी

फेसबुकने मे २०१३ मध्ये मुक्त केलेल्या रिॲक्टमध्येही प्रारंभी मिक्सिनचीच सोय होती. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टच्या नव्या क्लासपद्धतीचा स्वीकार करताना रिॲक्टने क्लासमध्ये मिक्सिनला स्थान दिले नाही, आणि जुलै २०१६ मध्ये रिॲक्टच्या चमूतील डॅन अब्रामोव्ह यांनी मिक्सिन घातक असल्याचा लेख लिहिला. त्या लेखाच्या शीर्षकाची घडण वुल्फ व शॉ यांच्या १९७३ च्या लेखाप्रमाणेच होती आणि त्याही आधीच्या, १९६८ मधील डाइक्स्ट्रा यांच्या ‘गोटू’विषयक प्रसिद्ध पत्राच्या शीर्षकाशी नाते सांगणारी होती. अर्धशतकाच्या अंतराने तीच तक्रार त्याच शब्दांत पुन्हा उमटावी, ही बाब बोलकी आहे.

सामायिक स्थितीच्या संदर्भात फेसबुकचाच आणखी एक अनुभव महत्त्वाचा ठरला. न वाचलेल्या संदेशांची संख्या दाखविणारा आकडा वारंवार चुकत असे. दोष दुरुस्त केला तरी काही काळाने तो पुन्हा डोके वर काढी. एकच माहिती अनेक ठिकाणांहून बदलली जात असल्याने असे होत होते. यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये ‘फ्लक्स’ ही एकदिशा प्रवाहाची रचना मांडली गेली. २०१५ मध्ये अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनी ‘रिडक्स’द्वारे तिला अधिक आटोपशीर रूप दिले. संपूर्ण पृष्ठाची स्थिती एकाच कोठारात ठेवावी आणि ती केवळ नोंदविलेल्या कृतींद्वारे बदलावी, हा तिचा नियम होता.

घटनावाहिनी, व्ह्यूएक्स आणि शिस्तीची किंमत

व्ह्यूच्या २.० आवृत्तीने घटकांच्या वंशावळीतून वर-खाली संदेश पसरविण्याची जुनी सोय काढून टाकली. लहान पृष्ठांसाठी एक रिकामा व्ह्यू घटक तयार करून त्याचा घटनावाहिनी म्हणून वापर करावा आणि मोठ्या कामासाठी व्ह्यूएक्स वापरावे, असा सल्ला देण्यात आला. घटनावाहिनी म्हणजे गावातील दवंडीच होय : दवंडी कोणी पिटली आणि ती कोणाकोणाच्या कानी गेली, हे नंतर सांगता येत नाही. शिवाय घटक पडद्यावरून गेल्यावर त्याची श्रवणनोंद काढावयास आज्ञावलीकार विसरला, तर तोच घटक पुन्हा आल्यावर एका संदेशावर दोनदा कृती घडे. ग्रंथालयाच्या उदाहरणात एका दाबण्यात दोन मागण्या नोंदल्या जाण्याचा संभव यातून निर्माण होतो.

व्ह्यूएक्सने याउलट टोकाची शिस्त आणली. स्थिती एका कोठारात; तिच्यात बदल फक्त ‘म्युटेशन’द्वारे; सर्व्हरकडून माहिती आणण्यासारखी वेळखाऊ कामे ‘ॲक्शन’द्वारे. कडक पर्याय सुरू ठेवल्यास म्युटेशनबाहेर केलेला बदल विकसनकाळातच चूक म्हणून दाखविला जाई. प्रत्येक बदलाची नोंद राहत असल्याने मागील स्थितीत परत जाऊन दोष शोधता येई. अधिकाराच्या प्रश्नाचे इतके नि:संदिग्ध उत्तर यापूर्वी मिळाले नव्हते.

परंतु या शिस्तीला किंमत होती. आकड्यात एकाची भर घालण्यासाठी स्थिती, म्युटेशन आणि बहुधा ॲक्शन अशा तीन ठिकाणी लेखन करावे लागे. म्युटेशनला त्याच्या नावाच्या अक्षरमालेने हाक मारली जात असल्याने नावात एक अक्षर चुकले तरी ते लिहितेवेळी लक्षात येत नसे. टाइपस्क्रिप्टसारख्या भाषेलाही त्या नावामागील रचना ओळखणे कठीण जाई. म्हणजे अधिकाराचा प्रश्न सुटला, पण उगमाचा प्रश्न वेगळ्या रूपात शिल्लक राहिला. फेब्रुवारी २०१७ मधील २.२ आवृत्तीत पूर्वज घटकाने ठेवलेली वस्तू कोणत्याही वंशज घटकाने मागून घेण्याची ‘प्रोव्हाइड-इंजेक्ट’ ही सोय आली. तिने मधल्या पिढ्यांचा भार हलका केला. तथापि वस्तू नेमक्या कोणत्या पूर्वजाने दिली, हे शोधण्याचे काम वाचकावरच राहिले.

२०१९ चा वाद

ऑक्टोबर २०१८ मध्ये रिॲक्टने ‘हुक्स’ची घोषणा केली व फेब्रुवारी २०१९ मध्ये ती १६.८ या आवृत्तीत समाविष्ट झाली. स्थिती व तिच्याशी निगडित कृती एका साध्या फंक्शनमध्ये बांधून ते फंक्शन हव्या त्या घटकात बोलवावे, ही त्यामागील कल्पना. यापासून प्रेरणा घेऊन, परंतु व्ह्यूच्या स्वत:च्या प्रतिसादी यंत्रणेवर आधारलेला प्रस्ताव व्ह्यूच्या चमूने जून २०१९ मध्ये चर्चेसाठी मांडला. तोच पुढे ‘कंपोझिशन एपीआय’ या नावाने ओळखला गेला.

या प्रस्तावावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. ती केवळ नवेपणाच्या भीतीतून आली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या मसुद्यात जुन्या कप्पेबंद मांडणीस वगळणारी हलकी आवृत्तीही सुचविली होती. त्यामुळे आपण लिहिलेली आज्ञावली आणि कष्टाने मिळविलेले ज्ञान कालबाह्य होणार, असा अर्थ अनेकांनी घेतला. सोपेपणासाठी ज्यांनी व्ह्यूची निवड केली होती, त्यांना ती निवडच फसल्यासारखी वाटली. कप्पे नाहीसे झाल्यास नवखे आज्ञावलीकार एकाच फंक्शनमध्ये सारे कोंबतील, हा आक्षेपही निराधार नव्हता. चमूने मसुद्यात सुधारणा केली आणि जुनी मांडणी कायम राहील, नवी मांडणी ही अधिकची सोय असेल, असे स्पष्ट केले. मुक्तस्रोत प्रकल्पात तांत्रिक गुणवत्तेइतकेच वापरकर्त्यांना दिलेल्या शब्दालाही मोल असते, ही बाब या प्रसंगाने अधोरेखित केली.

कंपोझिशन एपीआय : प्राप्ती आणि नवी जबाबदारी

१८ सप्टेंबर २०२० रोजी व्ह्यू ३.० प्रसिद्ध झाले. पाने उलटण्याचे पूर्वीचे उदाहरण आता एका फंक्शनमध्ये लिहिता येते. ते फंक्शन ‘चालू पान’ व ‘पुढील पान’ या दोन गोष्टी परत करते आणि घटक त्या नावानिशी स्वीकारतो. नाव कोणत्या फंक्शनमधून आले हे त्याच ओळीत दिसते. दोन नावांचा संघर्ष होत असेल तर स्वीकारतानाच एकाचे नाव बदलता येते. एका फंक्शनला दुसऱ्यातील माहिती हवी असेल तर ती उघडपणे हाती द्यावी लागते. मिक्सिनच्या तीनही दोषांचे निराकरण येथे कोणत्याही नव्या संकल्पनेने नव्हे, तर परतीची किंमत आणि प्राचल या भाषेतील सर्वांत जुन्या साधनांनी झाले, ही लक्षणीय गोष्ट आहे. व्ह्यूच्या अधिकृत दस्तऐवजातही मिक्सिनचा वापर आता शिफारसयोग्य मानला जात नाही.

मात्र या सोयीने आयुष्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. स्थितीची घोषणा फंक्शनच्या आत केली तर प्रत्येक घटकाला स्वतंत्र प्रत मिळते. तीच ओळ फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या पातळीवर लिहिली तर सर्व घटक एकाच प्रतीचे भागीदार होतात. पाककृती आणि भांडे यांतील जो भेद पूर्वी दोन वेगळ्या साधनांनी सांभाळला होता, तो आता एका ओळीच्या जागेवर अवलंबून राहिला. ब्राउझरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे पृष्ठ वेगळे असल्याने ही भागीदारी निरुपद्रवी ठरते. परंतु पृष्ठ सर्व्हरवर तयार केले जात असेल तर तेथील एकच प्रक्रिया अनेकांच्या विनंत्या हाताळते आणि फाइलच्या पातळीवरील स्थिती त्या सर्वांत सामायिक होते. अशा वेळी एका विद्यार्थ्याचे नाव व त्याच्या मागण्या दुसऱ्याच्या पृष्ठावर उमटण्याचा धोका संभवतो. वुल्फ व शॉ यांनी ज्याविषयी सावध केले होते तो सार्वत्रिक चलच येथे नव्या वेशात परततो. फरक इतकाच की आता प्रश्न दोषाचा न राहता खाजगी माहितीच्या गोपनीयतेचा होतो.

या गरजेतून कोठाराची आवश्यकता कायम राहिली. बदलले ते त्याचे रूप. एदुआर्दो सान मार्टिन मोरोते यांनी २०१९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलेले ‘पिनिया’ हे पुढे व्ह्यूचे अधिकृत कोठार ठरले आणि व्ह्यूएक्समध्ये नव्या सोयींची भर घालणे थांबले. पिनियात कोठार हे आयात करावयाचे फंक्शन असल्याने त्याचा उगम लपत नाही, आणि सर्व्हरवर प्रत्येक विनंतीसाठी स्वतंत्र प्रत तयार करता येते. मात्र त्यात म्युटेशन नाही. घटकाला स्थिती थेट बदलता येते. उगम व आयुष्य यांबाबत काटेकोर झालेल्या या साधनाने अधिकाराबाबत व्ह्यूएक्सपेक्षा ढिलाई स्वीकारली. तेव्हा हा इतिहास सरळ रेषेतील प्रगतीचा नसून तीन प्रश्नांमधील तोल पुन:पुन्हा साधण्याचा आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

जुलै २०२२ मधील २.७ आवृत्तीने कंपोझिशन एपीआय जुन्या व्ह्यूच्या वापरकर्त्यांनाही उपलब्ध करून दिले. ३१ डिसेंबर २०२३ रोजी व्ह्यू २ चा अधिकृत पाठपुरावा संपला. कप्पेबंद मांडणी नव्या व्ह्यूमध्ये टिकली. परंतु घटनावाहिनीस आधार देणाऱ्या मेथड ३.० मध्येच काढल्या गेल्याने त्यावर उभ्या असलेल्या प्रकल्पांना पुनर्लेखनास सामोरे जावे लागले. ज्यांची सामायिकता मागोवा घेण्याजोगी होती त्यांचे स्थलांतर त्या मानाने सुकर होते. ज्यांची विखुरलेली होती त्यांना आधी आपल्याच आज्ञावलीतील नाती शोधावी लागणार होती.

निष्कर्ष

१. घटकांमधील मेथडची सामायिकता आणि स्थितीची सामायिकता हे दोन भिन्न प्रश्न आहेत. मिक्सिनने पहिल्याचे, तर व्ह्यूएक्सने मुख्यत: दुसऱ्याचे उत्तर दिले. कंपोझिशन एपीआयने दोहोंसाठी एकच साधन दिले आणि भेद राखण्याची जबाबदारी आज्ञावलीकाराकडे सोपविली.

२. टाकून दिलेल्या बहुतेक उपायांचा समान दोष नात्याच्या अदृश्यतेचा होता. मिक्सिनमधील नाव, घटनावाहिनीवरील संदेश आणि म्युटेशनची अक्षरमाला यांचा उगम लेखनात दिसत नव्हता.

३. या अडचणी १९७० पासून २००३ पर्यंतच्या संगणकशास्त्रीय संशोधनात ज्ञात होत्या. वेबच्या क्षेत्रात त्या पुन्हा अनुभवाने शिकाव्या लागल्या, याचे एक कारण अभ्यासक्रमातील सिद्धांत व व्यवसायातील साधने यांमध्ये पडलेले अंतर हे असावे.

४. अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. फ्रेमवर्कची नावे विद्यार्थ्याचे शिक्षण पूर्ण होण्याच्या आतच बदलू शकतात. उगम, अधिकार आणि आयुष्य हे तीन प्रश्न मात्र बदलत नाहीत. प्रात्यक्षिकाच्या तासिकेत प्रत्येक सामायिक नावाबाबत हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागल्यास विद्यार्थी पुढे येणाऱ्या कोणत्याही साधनाचे मूल्यमापन स्वत: करू शकेल.